‘न’ ते ‘म’ गायब

१

फोल्डर जागेवर होतं, आत काहीच नव्हतं.

व्यंकटराव आष्टीकरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला. फोल्डर रिकामंच. ‘न’पासून ‘म’पर्यंतचे सगळे शब्द, त्यांचे अर्थ, कुठल्या वावरात कुणाच्या तोंडून ऐकले ते, सगळं साफ.

मी समोरच्या खुर्चीत रोजच्यासारखा फुकटचा चहा पीत होतो. म्हणालो, "उंदरांनी खाल्लं असेल. निजामाच्या राज्यात आमच्या कचेरीतल्या एका उंदरानं अख्खी जहागीर कुरतडली होती. शेवटी सरकारनं ती जहागीर त्याच्याच नावावर केली."

एरवी माझ्या थापांवर व्यंकटराव निदान "आप्पा, पुरे" एवढं तरी म्हणत. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत.

"पुंजाराम म्हणाला होता, डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय," ते पुटपुटले.

दुकान क्रांती चौकाच्या अलीकडं, एका जिन्याखाली. अक्षरजुळणीचं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध. कॉम्प्युटर एकच, आणि त्या एका डब्यात दोन सिस्टिम नांदायच्या. बटन दाबलं की काळ्या पडद्यावर आधी प्रश्न यायचा, विंडोज की लिनक्स? मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरलीकडं व्यंकटरावांचं जुनं मराठी टायपिंग होतं, ते दुसरीकडं कुठंच चालत नसे. धाकटी पुंजारामची, तिच्यात टाइप केलेलं मराठी कुठल्याही मशीनवर उघडे. दोघींत समाईक कपाट एकच, डी ड्राइव्ह. तिथं दोघींनी आपापलं ठेवायचं आणि भांडायचं नाही.

पुंजाराम चितेगावचा. घरची शेती, वाळूजला कारखान्यात नोकरी, आणि पाळी संपली की या दुकानात भागीदारी. व्यंकटरावांचे पूर्वज लेखणीवर जगले, पुंजारामचे नांगरावर. वेड मात्र दोघांना एकच लागलेलं, आपल्या मराठवाडी बोलीचा कोश. पुंजारामनं शब्द आणायचे, व्यंकटरावांनी घासूनपुसून घ्यायचे. कित्येक वर्षं असं करत ते ‘ध’पर्यंत पोचले होते. मग व्यंकटराव लेकीकडं नाशिकला गेले, आणि तेवढ्या दिवसांत पुंजारामनं रजा टाकून पुढची सहा अक्षरं एकदम उरकली.

हे सगळं २०१९ च्या अखेरीस. थोरलीची मुदत संपत आली होती, नव्या वर्षापासून तिची देखभाल होणार नव्हती. म्हणून अपग्रेड ठरला. थोरलीच्या जागी नवी आणायची, धाकटीला धक्का लावायचा नाही, आणि त्याआधी डी मधलं सगळं बाहेर काढून ठेवायचं. व्यंकटराव सकाळी नाशिकहून आले, मशीन सुरू केलं, समोर अर्धवट राहिलेली लग्नपत्रिका होती ती पुरी केली, आणि मग या काढाकाढीसाठी फोल्डर उघडलं.

दुपारी पुंजारामनं येऊन धाकटीतून पाहिलं. तिथंही रिकामं. तो काही बोलला नाही. व्यंकटरावही बोलले नाहीत. 

तो गेल्यावर व्यंकटराव मला म्हणाले, "आप्पा, चाव्या तिघांकडं. माझ्याकडं, माझ्या मुलाकडं, मुकुंदकडं, आणि याच्याकडं. मी तर गावातच नव्हतो."

२

संशयाला खतपाणी आधीच मिळालं होतं. महिन्याभरापूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाचा दुकानात फोन आला होता. त्यानं व्यंकटरावांना विचारलंच नाही. "ते शब्द गोळा करणारे पुंजाराम आहेत का?" एवढं विचारलं. फोन व्यंकटरावांनीच घेतला होता. त्यांनी तो पुंजारामच्या हातात दिला आणि दिवसभर एका पावतीपुस्तकाचे आकडे चुकवले.

एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. पण या सज्जन माणसाला सगळ्या बोलींतले शब्द ठाऊक, तो एक तेवढा जिभेवर येईना. त्यांनी दुकानाचं कुलूप बदललं.

शुक्रवारी पुंजाराम आला. समोरच्या पानवाल्यानं सारं पाहिलं. चावी फिरेना, तेव्हा त्यानं ती काढून फुंकली, पुन्हा घातली. मग कुलूप हातात घेऊन निरखलं. नवं कुलूप चकाकतंच. पुंजारामनं आपली चावी शटरच्या कडीला अडकवली आणि वाळूजच्या बसकडं चालता झाला.

व्यंकटरावांनी ती चावी ड्रॉवरमध्ये टाकली. फोन केला नाही. त्याचाही आला नाही. रागाच्या भरात व्यंकटरावांनी जुन्या पोथ्यांचे स्कॅन काढायला घेतले आणि डी ड्राइव्हमध्ये रचत सुटले. रिकामी जागा डोळ्यांना खुपत होती बहुतेक.

असेच दोनेक आठवडे गेले. एका दुपारी पत्रिकेचं प्रूफ पाहायला दमयंतीबाई देगलूरकर आल्या. पत्रिका त्यांच्या पुतणीची. बाईंनी सारी नोकरी विमा कंपन्यांसाठी पाहणी करण्यात काढलेली. कारखान्यात आग लागली की राखेत उभं राहून ती कशी लागली ते सांगायचं. मी त्यांच्याबद्दल गावात पसरवलं होतं की त्या राखेचा वास घेऊन काडीपेटीचा छाप सांगतात. ते खोटं होतं. त्या फक्त प्रश्न विचारत.

प्रूफ वाचता वाचता त्यांनी मान वर केली. "पुंजाराम दिसत नाहीत?"

व्यंकटरावांनी छताकडं पाहिलं. म्हणून मग मीच सगळं सांगून टाकलं, उंदीर वगळून.

"चोरी झाली असं कोण म्हणतं?" बाईंनी विचारलं.

"फोल्डर रिकामं आहे," व्यंकटराव म्हणाले.

"रिकामं फोल्डर म्हणजे चोरी नव्हे. जळालेलं गोदाम म्हणजे काही दर वेळी लावलेली आग नसते." त्यांनी प्रूफ घडी करून पर्समध्ये ठेवलं. "अपग्रेड केव्हा आहे?"

"रविवारी."

"मग रविवारपर्यंत मशीनला हात लावू नका. आणि आप्पा, तुम्ही माझ्याबरोबर चला. वाटेत थापा मारायच्या नाहीत."

३

आधी मुकुंद. व्यंकटरावांचा मुलगा, इंजिनिअर. दुकान सोडून जागा भाड्यानं द्यावी असं त्याचं मत, आणि ते तो लपवत नसे.

"बाबांच्या डब्यात दोन सिस्टिम. एक जुनाट, एक फुकट," तो म्हणाला. "मला काही नाहीसं करायचंच असतं ना मावशी, तर मी दोन फाइली कशाला पुसेन? आख्खा डबाच भंगारात दिला असता."

"चावी वापरली होती?"

"बाबा नाशिकला असताना मी बंगळूरला होतो. ऑफिसात विचारा."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "हा खरं बोलतो. इतकं उद्धट कुणी खोटं बोलत नाही."

मग रामकिसन. अपग्रेड करणारा हाच. व्यंकटराव नसताना तो एकदा मशीन पाहून गेला होता, पेनड्राइव्ह खिशात घेऊन. पैठण गेटजवळच्या दुकानात तो कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसला होता.

"मैं कायको लेऊ बाई? मला ‘बुचाड’ म्हंजे काय तेच ठाऊक नाय!"

"बुचाड हा शब्द कुठून आला?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"फोल्डरमदीच वाचला ना. पुंजारामभाऊ दाखवत होते. लई खूश होते. हौ, भरेला था फोल्डर. मैंने आपल्या डोळ्यानं देखा."

म्हणजे शब्द होते. पुंजारामनं खोटंच ‘टाइप केलं’ म्हटलं असावं, ही व्यंकटरावांची एक शंका तिथंच मिटली. पण मग दुसरी आणखी घट्ट झाली. होते, तर गेले कुठं?

वाळूजला पाळी सुटायच्या वेळी आम्ही कारखान्याच्या गेटजवळ उभे राहिलो. पुंजाराम डबा हलवत आला. मला पाहून थांबला.

"आप्पा, तुम्हाला पाठवलं का काकांनी?"

"नाही," दमयंतीबाईच बोलल्या. "मी विचारायला आले. तुम्ही ते शब्द नेलेत का?"

पुंजाराम हसला. ते हसू पाहवत नव्हतं. "बाई, ते आमच्या आवडामावशीच्या तोंडचे शब्द. माझ्याच घरातलं मीच चोरू व्हय?"

"प्रकाशकाचा फोन आला होता म्हणे."

"आलता. म्या त्येला सांगितलं, कोश दोघांचा हाय, छापायचा तर दोघांच्या नावानं. त्यो परत बोलला नाय."

"हे व्यंकटरावांना सांगितलंत?"

"त्येंनी इचारलं कव्हा?" त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "तुम्हाला खरं सांगू? पुसलं ते काकांनीच. मावशीच्या तोंडी शिव्या लई. काका म्हणायचे, ह्या काढून टाक. म्या म्हणलो, शिव्या काढल्या तर मावशी राहते कुठं? म्हणून म्या त्येंच्या माघारी समदं बसवलं. आले, वाचलं, आन् पुसलं."

"कागदावर काही उतरवून ठेवलं नव्हतं?"

"कागद दिसला की मावशी गप व्हायची. ऐकायचं, ध्यानात ठिवायचं, मशीनवर बसायचं."

"शेवटच्या दिवशी काय केलंत, ते सांगा."

"काय करायचं? सेव्ह केलं. धाकटीला रीतसर बंद केलं. कुलूप लावलं."

"आणि पहिल्या दिवशी मशीन कसं होतं?"

"बंदच व्हतं. दिवा नाय, आवाज नाय. बटन दाबलं, धाकटी निवडली, बसलो."

परतीच्या रिक्षात बाईंनी दोघांचं बोलणं बोटांवर पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "आप्पा, दोघंही खरं बोलताहेत. त्यामुळंच हे अवघड झालंय."

४

रविवारी सकाळी रामकिसन आला. दमयंतीबाई पुतणीच्या पत्रिकेचं निमित्त करून आधीच येऊन बसल्या होत्या. प्रूफात नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव दोनदा आलं होतं.

"हे असं कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्यात सोडून नाशिकला गेलो होतो ना," व्यंकटराव ओशाळून म्हणाले. "मामांचं नाव लिहून गेलो, आल्यावर पुन्हा लिहिलं."

"आल्यावर फाइल उघडून वाचून नाही पाहिलीत?"

"उघडायची कशाला? समोरच होती. मशीन सुरू केलं आणि थोरली निवडली, तर पत्रिका पडद्यावर. जिथं सोडली तिथं ती उभी रेघ लुकलुकत होती. तिथून पुढं सुरुवात केली."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "व्यंकटराव, मधले इतके दिवस त्या मशीनवर दुसरा माणूस काम करत होता. रोज सुरू करत होता, रोज बंद करत होता. तुमची पत्रिका उघडी कशी राहिली?"

व्यंकटरावांनी चष्मा काढला. मला वाटलं सापडला चोर, आणि तो माझ्यासमोर चष्मा पुसतोय.

तेवढ्यात रामकिसननं बेत मोठ्यानं सांगायला घेतला. "देखो काका. पैले दोन्ही सिस्टिम पूर्ण बंद. फिर डी ची कॉपी. फिर थोरली नवी बसवायची. ती बसली की काळा पडदा खाऊन टाकते, धाकटीचं नावच येत नाय. तो फिर धाकटीची वाट परत..."

"तो शब्द नको रे," व्यंकटराव एकदम म्हणाले. "वाढवू म्हण."

रामकिसनला काही कळलं नाही. मला कळलं. बाजारपेठेत दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. पण व्यंकटरावांचं थोडं जास्त होतं. त्यांच्या वडिलांचा इथंच छापखाना. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तशी दफ्तरांची भाषा बदलली, उर्दू छपाईचं काम हातोहात गेलं. एका संध्याकाळी वडील म्हणाले, आज बंद करू. ते दार पुन्हा उघडलं नाही. तेव्हापासून या घरात तो शब्द बोलत नाहीत.

मी हे बाईंना सांगितलं. यात थापेचा कण नव्हता, तरी त्यांनी एकदा व्यंकटरावांकडं पाहून खात्री करून घेतली.

मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "व्यंकटराव, रोज संध्याकाळी मशीन कोण वाढवतं?"

"पुंजाराम. रोज तोच."

"आणि नाशिकला जायच्या आदल्या दिवशी?"

"त्याची दुसरी पाळी होती. मीच वाढवलं."

"तसंच आत्ता वाढवून दाखवा."

५

व्यंकटरावांनी माऊस धरला. यादी उघडली. ‘शट डाऊन’वरून बाण असा सरकवला की जणू तिथं विस्तव होता, आणि खालच्या ‘हायबरनेट’वर दाबला. पडदा विझला, डबा शांत झाला. त्यांनी त्याला नमस्कार केला.

"या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे?"

"नाही. पण मशीन शांत होतं, आणि तो दुसरा शब्द दाबावा लागत नाही."

रामकिसननं कपाळाला हात लावला. "काका, ये बंद नै होता. ये सोता है!"

"थांब," बाई म्हणाल्या. "आधी करून पाहू."

त्यांनी बटन दाबलं, काळ्या पडद्यावर धाकटी निवडली, डी मध्ये एक नवी फाइल केली, तिच्यात पुतणीचं नाव लिहिलं आणि धाकटीला रीतसर बंद केलं. मग व्यंकटरावांना बसवलं. थोरली जागी झाली, काही घडलंच नाही अशा थाटात. बाईंनी त्यांना थोडं काम करायला लावलं, एकदोन गोष्टी सेव्ह करायला लावल्या. मग डी पुन्हा उघडायला सांगितलं.

पुतणीचं नाव कुठंच नव्हतं. धाकटीतून पाहिलं, तिथंही नाही.

"थोरली झोपली तेव्हा डी मध्ये कुठं काय आहे त्याचा नकाशा डोक्यात घेऊन झोपली," बाई म्हणाल्या. "ती झोपेत असताना पुंजारामनं धाकटीतून तिथं नवं सामान रचलं. ही उठली ती जुना नकाशा घेऊनच. जे नकाशात नव्हतं, ते तिच्या लेखी जगातच नव्हतं. तिनं जुना नकाशा परत लिहिला आणि त्याच्याखाली सगळं गेलं. पत्रिका उघडी राहिली ती त्यामुळंच. कुणी चोरलं नाही, कुणी पुसलं नाही."

"पण धाकटीला कळायला नको?" मी विचारलं.

रामकिसन म्हणाला, "सी मदी, थोरलीच्या सोताच्या खोलीत, ती निजलेली दिसते, तिथं धाकटी हात नाय लावत. डी मदी कोण सोया है, कुछ दिखता नै."

व्यंकटराव खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर. "म्हणजे मी," ते म्हणाले.

मग ते रामकिसनकडं वळले.

"परत येतील का?"

रामकिसननं डी ड्राइव्ह बाहेर काढला, आपल्या मशीनला लावला आणि खणायला बसला. दुपारपर्यंत खणत होता. शेवटी त्यानं मान हलवली. नकाशा पुसला तरी सामान काही काळ तळाशी पडून असतं, ते उचलता येतं. त्याच दिवशी बोलावलं असतं तर बहुतेक सगळं मिळालं असतं. पण त्या जागेवर आता पोथ्यांचे स्कॅन बसले होते, पानामागून पान. हाती लागले ते तुटके तुकडे, अर्ध्या ओळी, आणि एक शिवी मात्र पूर्ण.

व्यंकटरावांनी ती शिवी वाचली. मग पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचली.

६

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पैठण रोडनं चितेगावला गेलो. दमयंतीबाई आल्या नाहीत. "माझं काम आग कशी लागली ते सांगायचं," त्या म्हणाल्या, "पुढचं तुमचं."

पुंजारामनं अंगणात बाज टाकली. बायकोनं चहा आणला. व्यंकटरावांनी सगळं सांगितलं. थोरलीचं, हायबरनेटचं, कुलपाचं, पोथ्यांच्या स्कॅनचं. एकही गोष्ट स्वतःच्या सोयीनं वळवली नाही. सांगताना पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ‘बंद’ हा शब्द सुटला, त्यांचं लक्षही गेलं नाही.

पुंजाराम ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे तुम्हाला वाटलं म्या नेलं. आन् मला वाटलं तुम्ही पुसलं."

"विचारायचं होतंस रे मला."

"कुलूप बदलल्यावर काय इचारू, काका?"

रस्त्यानं कंपनीची बस धूळ उडवत गेली. 

"मावशीकडं पुन्हा जाऊ," व्यंकटराव म्हणाले. "मीही येतो. एक शिवी गाळणार नाही."

"मावशी गेली. तुम्ही स्कॅन करत व्हते, त्याच आठवड्यात."

व्यंकटरावांनी कपबशी खाली ठेवली. ती ठेवतानाही आवाज होऊ नये अशी.

"पर आठवत्यात मला," पुंजाराम म्हणाला. "समदे नाय. लई आठवत्यात." आणि तो सांगायला लागला. पाचुंदा, म्हंजे पाच पेंढ्या बांधल्या की. बाटूक, कणीस न धरलेलं ज्वारीचं ताट. मोगडा, रान उकरायचा. त्याचा आवाज हळूहळू बदलत गेला, मधेच म्हातारीसारखा खणखणीत व्हायला लागला.

"थांब थांब," व्यंकटराव पुढं सरकले. "बुचाड म्हणजे कडब्याची गंजच ना?"

"कशाची गंज! गंज येगळी, काका. गंज घरापाशी, झाकून ठिवलेली. बुचाड वावरातच, कापल्या कापल्या उभं केलेलं. मावशी म्हणायची, ज्याला बुचाड आन् गंज कळत नाय त्येला..." पुढं शिवी होती. तिघंही हसलो. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं इतके हसले. कुणी नवखा आला असता तर त्याला वाटलं असतं, या अंगणात कधी काही बिघडलंच नव्हतं.

हसता हसताच व्यंकटरावांनी खिशातून पेन काढलं.

"लिहू नका," पुंजाराम म्हणाला.

"अरे, मशीन तयार आहे. दोन्ही सिस्टिम आहेत. तू ये, आपण..."

"ऐका नुस्तं. ऐकायला नाय म्हणत नाय मी. पर लिहून आता कुणाला देणार नाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर व्यंकटरावांना काही म्हणता आलं असतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते ऐकत बसले. पुंजाराम सांगत राहिला, ‘भ’ संपवून ‘म’मध्ये शिरला. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

परतताना रिक्षात व्यंकटराव ओठ हलवत होते. एकेक शब्द धरून ठेवू पाहत होते. शहराचे दिवे दिसायला लागले तसे थांबले.

"आप्पा, ‘म’मधला तो शेवटचा शब्द काय सांगितला त्यानं? पेरणीच्या वेळचा?"

शब्द बनवणं माझ्या डाव्या हातचा मळ. तिथल्या तिथं एक असा घडवून दिला असता की त्यांनी तो अर्थासकट उतरवून घेतला असता, आणि बरं वाटलं असतं त्यांना.

"नाही आठवत," मी म्हणालो.